माघारपण

१९९९ साली अमेरिकेत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला न्यू जर्सीत हायवेलगतच्या एका मोटेलात उतरवलं होतं. सकाळी नाश्त्याच्या खोलीत गेलो, तर एक ट्रकवाला गृहस्थ लोखंडी यंत्राच्या दोन तव्यांमध्ये पातळ पीठ ओतून, झाकण लावून उभा होता. शिट्टी वाजली, झाकण उघडलं आणि आतून जे निघालं ते बघून मी जवळजवळ ओरडलेच, "अरे, हे तर चौकडीचं धिरडं!"

नवऱ्याने सांगितलं, याला वॉफल म्हणतात. म्हणत असतील. माझ्या लेखी ते माझ्या आजीचं धिरडं होतं. नगरच्या आमच्या घरी बिडाचा एक साचा आहे. दोन गोल पाती, मध्ये बिजागरी, लांब दांडे आणि आतून चौकोनी खळगे. आजी त्याला तेलाचा बोळा फिरवायची, बेसनात कांदा-मिरची-कोथिंबीर कालवून ओतायची आणि चुलीवर एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर ठेवायची. खळग्यांत ठेचा मस्त बसतो. हा साचा कुठून आला, असं विचारलं की ती म्हणायची, "मडमनं दिला. जाताना."

(शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे हे ठाऊक आहे. जीभ मात्र अजून नगरच म्हणते, तिला थोडा वेळ द्या.)

आजी मिशनच्या बंगल्यात आया होती. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंड होतं: कौलारू बंगला, घोंगडं टाकून दहा जण झोपतील एवढा रुंद व्हरांडा, दोन कडुनिंब, एक विहीर, पलीकडे शाळा आणि पाळकांचं घर. बंगल्यात अमेरिकन साहेब, मडम आणि तीन मुलं. थोरली मुलगी आजीच्याच हातावर वाढली. आजी तिला 'बेबी' म्हणायची आणि शेवटपर्यंत बेबीच म्हणत राहिली.

१९६७ च्या पावसाळ्यात हे कुटुंब कायमचं अमेरिकेला परत गेलं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण त्या आठ-दहा दिवसांबद्दल आजीकडून इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथे होते असंच वाटतं. व्हरांड्यात सामानाचा सेल लागला. वेताच्या खुर्च्या, जाळीचं कपाट, पेट्रोमॅक्सची बत्ती, हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा लाकडी पॉट. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. शाळेच्या हेडमास्तरांनी साहेबाची आरामखुर्ची घेतली आणि पुढे वीस वर्षं ते तिच्यात बसून साहेबासारखेच घसा खाकरायचे. आजीने काही विकत घेतलं नाही. कुठून घेणार? मडमने साचा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, हा फार जड आहे, ट्रंकेत मावत नाही.

माणसं विमानाने गेली, ट्रंका बोटीने. त्याच जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझचा कालवा बंद पडला होता आणि तो थेट १९७५ पर्यंत उघडला नाही. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या ट्रंकांनी आफ्रिकेला वळसा घातला. माणसं पोचल्यावर कितीतरी महिन्यांनी सामान पोचलं, असं मडमने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. हे कार्ड आजीने कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. तिला त्यातलं एकच कळलं: बेबीने अख्खा थंडीचा मोसम उसन्या कोटावर काढला.

निरोपाच्या उपासनेत साहेबाने भाषण केलं. पंडिताकडून शिकलेली त्याची मराठी अगदी छापील. "आम्ही आता स्वदेशी परत जात आहोत," असं तो म्हणाला आणि बायका रडल्या. बेबी तेव्हा सोळा वर्षांची. तिची मराठी आजीकडून आणि विहिरीवरच्या बायकांकडून आलेली. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, "बाई, पप्पा म्हनत्यात माघारी चाललो. ते चाललेत माघारी. म्या कुटं?"

आजी हे सांगताना सुरुवातीला हसायची. पुढे पुढे हसणं बंद झालं.

अमेरिकेत पंचवीस वर्षं काढल्यावर मला त्या वाक्याचं व्याकरण उलगडलं. 'परत जाणं' हे क्रियापद आई-बापांपुरतं असतं. मुलं नुसतीच जातात.

नगर-मुंबईकडचे अमेरिकन मिशनरी म्हणजे बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेने पाठवलेली माणसं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे पहिले दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यातला नॉट प्रकृतीपायी दोनेक वर्षांतच मायदेशी गेला, हॉल राहिला. त्याची बायको मार्गारेट मूळची इंग्लंडची, लग्न मुंबईत झालेलं. १८२५ मध्ये मुलांच्या तब्येतीसाठी ती दोन मुलगे घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसली. म्हणजे बघा, कागदोपत्री हे कुटुंब मायदेशी चाललं होतं आणि जहाजातल्या तिघांपैकी एकानेही तो मायदेश पाहिलेला नव्हता. थोरला मुलगा वाटेतच गेला. मागे राहिलेला हॉल पुढच्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून परतीच्या वाटेवर कॉलऱ्याने गेला, वय ४१. तिकडे ती बातमी पोचायलाही महिने लागले असणार. धाकटा तेवढा वाचला आणि मोठेपणी मॅसॅच्युसेट्समध्ये पाळक झाला.

ह्यूम घराण्याचं नाव तर नगरकरांना परकं नाही. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईत आला, पंधरा वर्षं राबला, खचला आणि १८५४ साली बायकामुलांसह घरी निघाला. तोही पोचला नाही. समुद्रातच वारला. त्याची विधवा हॅना मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड गावी उतरली. भायखळ्यात जन्मलेला तिचा मुलगा रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा होता. मला नेहमी वाटतं, त्या मुलाने मॅसॅच्युसेट्स बघण्याआधी मॅसॅच्युसेट्सचं बर्फ पाहिलं असेल. कारण त्या काळात बोस्टनकडच्या तळ्यांतलं बर्फ कापून, भुशात बांधून जहाजाने मुंबईला यायचं आणि त्यासाठी खास बर्फघर बांधलेलं होतं. घरच्या देशाची पहिली ओळख अशी: विकत मिळणारी, हातात धरली की वितळणारी.

हा रॉबर्ट ह्यूम येलमध्ये शिकला आणि १८७४ मध्ये मिशनरी होऊन नगरला आला. आपल्याकडचे लोक म्हणाले, साहेब आला. तिकडचे लोक म्हणाले, परदेशी गेला. तो मात्र जन्मलेल्या मुलखात परतला होता. पन्नासाहून जास्त वर्षं इथे काढली, पाळक घडवणारी सेमिनरी काढली, दुष्काळात अनाथ पोरं सांभाळली. शेवटी म्हातारपणी पुन्हा अमेरिकेला गेला आणि १९२९ मध्ये बोस्टनलगतच्या ब्रुकलाइनला वारला. आता यातलं जाणं कुठलं आणि येणं कुठलं, हे तुम्हीच ठरवा.

पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ उघडला, प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला आणि मिशनऱ्यांच्या आयुष्यात 'फर्लो' नावाचा प्रकार रुजला. काही वर्षं इकडे काढली की वर्षभर मायदेशी रजा. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून म्हणतात, "साहेब फर्लोवर गेले ते साल." आजीला हा शब्द नीट जमला नाही. तिने तिचा काढला. ती म्हणायची, "सायब माघारपणाला गेलं."

शहरी वाचकांसाठी सांगते. माघारीण म्हणजे सासरहून माहेरी आलेली लेक. ती चार दिवस येते ते माघारपण. आजीने हे गमतीने म्हटलं की अगदी गंभीरपणे, देव जाणे, पण इतकी नेमकी उपमा मला कुठल्या अभ्यासकाच्या लिखाणात सापडलेली नाही. फर्लोवर गेलेल्या मिशनऱ्याचं चालायचं काय? रविवारी या चर्चमध्ये, बुधवारी त्या चर्चमध्ये. मडमने नऊवारी नाहीतर सहावारी नेसून उभं राहायचं, साहेबाने पडद्यावर चित्रं दाखवायची: बैलगाडी, दुष्काळ, शाळेतल्या मुलींची रांग. सासरी सगळं कसं आहे ते सांगायचं. फार रडायचं नाही, फार खुलायचंही नाही, कारण खर्च माहेरच्या झोळीतून चाललेला. त्यांनी खण-नारळ द्यावा तसे जुने कोट आणि देणग्या द्यायच्या. मुलांना स्टेजवर बोलावून 'तिकडच्या भाषेत' काहीतरी म्हणायला लावायचे. बेबीला एका चर्चमध्ये असंच उभं केलं. तिने विहिरीवरची एक खणखणीत शिवी गोड चेहऱ्याने म्हणून दाखवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे तिने स्वतः मला सांगितलंय.

ही मुलं एरवीही घरची नसतच. आपल्या भागातल्या अनेक मिशनऱ्यांची मुलं कोडाईकनालला शिकायची. तिथे १९०१ मध्ये मिशनरी मुलांसाठी शाळा निघाली होती. सहा-सात वर्षांचं पोर आगगाडीत घालायचं, दोन-दोन रात्री प्रवास, मग कोडाई रोड स्टेशनवरून घाट. उन्हाळ्यात आई-बापांनी थंड हवेला तिकडे जायचं आणि नाताळच्या सुट्टीत पोरांनी इकडे यायचं. १९५०-६० च्या दशकांत रूथ हिल यूसीम नावाची अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होती. अशा मुलांसाठी तिने एक नाव काढलं, आपल्या भाषेत 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हणता येईल. आई-बापांची एक, यजमान देशाची दुसरी आणि या दोन्हींच्या फटीत ही मुलं आपली तिसरीच मांडतात. आता हे नाव जगभर बदल्यांवर फिरणाऱ्या कुणाच्याही पोरांना चिकटवतात. त्याची मुळं आपल्याकडच्या बंगल्यांच्या व्हरांड्यात आहेत, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. माझे वडील त्या साच्यातलं धिरडं कधी खायचे नाहीत. तव्यावरचं दिलं तर खायचे. लहानपणी मला वाटायचं, आवडत नसेल. खूप नंतर आई म्हणाली, "अगं, बेबीला गोवर निघाला तेव्हा तुझी आजी अकरा रात्री बंगल्यावर झोपली होती. यांनाही त्याच दिवसांत गोवर होता. हे पाळकांच्या ओट्यावर." बस, एवढंच. वडिलांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही. मिशनच्या शाळेने आपल्याला शिकवलं, हे ते सगळ्यांना सांगायचे. धिरडं मात्र नाही म्हणजे नाही. मिशनऱ्यांविषयी कुणी तावातावाने बोलायला लागलं, भक्तीने असो की रागाने, की मला ते बाजूला सारलेलं ताट आठवतं.

बेबी १९८८ मध्ये एकदा आली होती. मी सोळा वर्षांची, म्हणजे ती गेली त्या वयाची. सदतीस वर्षांची गोरी बाई रिक्षातून उतरली आणि आजीला बघून म्हणाली, "बाई, किती वाळलीस गं! खात न्हाईस का?" रिक्षावाला सुट्टे पैसे द्यायचं विसरून बघतच राहिला. तिची मराठी १९६७ वरच थांबलेली होती. आम्ही शाळेत प्रमाण मराठी शिकून ज्या शब्दांची लाज बाळगायला लागलो होतो, ते सगळे तिच्याकडे जसेच्या तसे होते. वडील तिच्याशी नीट बोलले, चहा दिला आणि कामावर निघून गेले. बंगला बघायला ती आजीला घेऊन गेली. तिथे कसलंसं ऑफिस झालं होतं, व्हरांड्याला विटा लावून खोल्या काढलेल्या. एक कडुनिंब शिल्लक होता. दोघी त्याच्या बुडाशी बसून आल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. निघताना आजीने पेटीतून एक खण काढून तिच्या हातात दिला. आमच्यात ओटी भरत नाहीत. "माघारीण हाय, रिकाम्या हातानं कशी जाऊ देऊ?" असं आजी म्हणाली.

म्हणजे आजीने निकाल देऊन टाकला होता. अमेरिका हे सासर.

न्यू जर्सीत राहायला लागल्यावर मला समजलं, की आमच्या एडिसनपासून फार लांब नसलेल्या समिट गावात जस्टिन अ‍ॅबट राहायचे. अ‍ॅबट हेही अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे त्याच बोर्डाच्या इकडच्या शाखेचे. त्यांचे आई-वडील मिशनरी, त्यामुळे लहानपणीच इकडची माती लागलेली. १८८१ मध्ये ते स्वतः मिशनरी म्हणून मुंबईला आले. ना. वा. टिळकांच्या धर्मांतराच्या सुमाराला मुंबईत त्यांचा आधार होता, म्हणून आमच्या घरी हे नाव अदबीने घेतलं जायचं. १९१० मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि समिटला स्थायिक झाले. आता अशा माणसाने म्हातारपणी काय करावं? सहसा आठवणी लिहितात. अ‍ॅबटांनी संतांची चरित्रं लिहिणारा महीपती काढला. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास, एकेका संतावर एकेक पुस्तक इंग्रजीत आणलं. १९३२ मध्ये ते वारले तेव्हा मालिका पुरी व्हायची होती. महीपतीच्या 'भक्तविजया'चं भाषांतर त्यांच्या मागे, १९३३-३४ मध्ये दोन भागांत निघालं. त्यावर त्यांच्या जोडीला पंडित नरहर गोडबोल्यांचं नाव आहे.

महीपती ताहाराबादचे, राहुरी तालुक्यातले. नगर जिल्हाच! लोकांना ख्रिस्ताची गोष्ट सांगायला आलेल्या घरातला हा माणूस घरी परतून वीस-बावीस वर्षं त्याच लोकांच्या गोष्टी आपल्या लोकांना सांगत बसला. याला पराभव म्हणावं, प्रायश्चित्त म्हणावं की नुसती आठवण म्हणावी? मला वाटतं, यातलं काहीच नाही. त्यांना मराठीशिवाय करमत नव्हतं. आणि ते एकटेच नव्हेत. त्यांच्या आधी एबेनेझर बर्जेस हा नगरचाच मिशनरी १८५४ मध्ये परत गेला आणि १८६० मध्ये त्याने केलेलं 'सूर्यसिद्धान्त' या जुन्या संस्कृत खगोलग्रंथाचं इंग्रजी भाषांतर तिकडे छापलं गेलं. ट्रंकेत काय काय नेतात माणसं.

एका रविवारी मी गाडी काढून समिटला गेले. टुमदार गाव, स्टेशन, त्याभोवती दुकानं. अ‍ॅबटांच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही आणि कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही. काय विचारणार, की इथे कुणी तुकाराम लिहीत बसायचं का? हिमवर्षाव सुरू झाला होता. गाडीतच बसून मी डबा उघडला आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडतात तो प्रसंग या बर्फात लिहिताना म्हाताऱ्याला कसं वाटलं असेल, याचा विचार करत पोळी-भाजी खाल्ली.

आम्हीही एकदा परत गेलो होतो. २०११ मध्ये, कायमचे. गराजमध्ये सेल लावला, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. विमानतळावर शेजारच्या बाईने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "वी आर गोइंग बॅक." आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आय अ‍ॅम नॉट. आय अ‍ॅम जस्ट गोइंग." मला पाटावर बसलेली बेबी दिसली. पुण्यात दोन वर्षं काढली. शाळेत त्याला 'अमेरिकन' म्हणायचे, हात वर करून काहीतरी इंग्रजीत बोलून दाखव म्हणायचे. मग पुन्हा इकडे आलो. कारणं बरीच होती. पगार, सासूबाईंचं जाणं, त्याची शाळा. ती इथे मांडत नाही.

बेबीच्या आई-वडिलांनी शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला काढली. तिथे पिलग्रिम प्लेस नावाची वसाहत आहे, चर्चच्या कामातून निवृत्त झालेल्या माणसांची. जगभरातून परतलेले मिशनरी तिथे शेजारी-शेजारी राहतात. बेबीही आता त्याच गावात असते, सत्तरी उलटलेली. वर्षातून दोन-तीनदा मी फोन करते. आजी गेल्याचं कळवलं होतं तेव्हा ती फोनवर बराच वेळ काही बोलली नव्हती. नंतर एवढंच विचारलं, "साचा कुटं हाय?" नगरला आहे म्हटलं. वडील गेल्यावर आईने तो घासून-पुसून माळ्यावर ठेवलाय.

परवा जूनच्या अखेरीला फोन केला. गुडघ्याचं बोलली, नातवाचं बोलली. आवाज आता पातळ झालाय, मध्येच इंग्रजीत जाते आणि परत येते. ठेवता ठेवता म्हणाली, "आगं, पाऊस झाला का?"

खिडकीबाहेर एडिसनला धो-धो पडत होता. पण ती हा पाऊस विचारत नव्हती. नगरला आईला फोन करून चार दिवस झाले होते आणि तेव्हा तरी आभाळ कोरडं होतं.

"झाला की," मी म्हणाले. "पेरणीजोगता झाला."

"मंग बरं," ती म्हणाली.